खडकातली वाम आणि माझी दोन बोटं

दुकानात येणारा प्रत्येक जण हल्ली आधी माझ्या बोटांकडं बघतो आणि मग कापड पुढं करतो. "मास्तर, हे काय झालं?" असं विचारलं की मी सांगतो, "मासा चावला." लोक हसतात. आमच्या वाशीमकडं माणूस माशाला खातो, मासा माणसाला खात नाही. एकेकाला सांगून मी थकलो, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतो. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन कुणी तपासू नये. ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय सांगणार!

गेलो कशाला, ते आधी सांगितलं पाहिजे. माझी पोरगी प्रणिता रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला कारखान्यात नोकरी करते. तिथं आंब्याचा रस डबाबंद करतात आणि ही तो तपासते. तिथल्याच मंगेश नावाच्या वायरमनशी लग्न करायचं म्हणून तिनं दिवाळीत घरी सांगितलं. मुलगा समुद्रकाठच्या गावचा, बाप बोटीवर खलाशी. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. माझे थोरले भाऊ, ज्यांना मी दादा म्हणतो, त्यांनीच मला वाढवलं आणि शिलाई मशीनही त्यांनीच घेऊन दिली. दादांनी निकाल दिला, "पाहून ये म्हणा, पण पोरीले संग घिऊनच ये. तिकडं आपलं कोन हाय?"

खरं तर भीती माझीही तीच होती. एवढ्या लांब, परक्या मुलखात पोरीला काही झालं तर धावणार कोण? तूरडाळ, ज्वारीचं पीठ आणि ही भीती अशी तीन गाठोडी घेऊन मी संक्रांतीनंतर निघालो.

मिरजोळे

प्रणिता मला तिच्या खोलीवर घेऊन गेली. तीन पोरी मिळून राहतात. खोली स्वच्छ, दारात चपला ओळीनं. घरमालकीण येऊन म्हणाली, "बाबा आले वाटतं! आता चार दिवस हिचं तोंड बंद होणार नाही." मला बरं वाटलं. ज्या पोरीच्या बोलण्याची वाट घरमालकीण बघते, ती तिथं दुःखात नसावी, असा मी हिशेब मांडला. पण ज्या कामासाठी आलो ते काही तोंडातून निघेना. दुसऱ्या दिवशी मंगेश सुट्टी काढून आला आणि आम्ही तिघं त्याच्या गावी गेलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. लग्नाच्या गोष्टीत गावाचं नाव मोकळं सोडू नये.

वाटेत सगळा कातळ. आमच्या काळ्या मातीत पाय रुततो, इथं जमीनच दगड. लाल, जाळी पडलेला, सुपारी खाल्लेल्या तोंडासारखा. त्याच दगडाच्या गडग्यांमागं, म्हणजे रचलेल्या कुंपणांमागं, आंब्याच्या बागा, मोहोरानं भरलेल्या. इथं माती कुठून आणली असेल, या विचारात मी होतो, तेवढ्यात रस्ता वळला आणि समुद्र दिसला. मला वाटलं होतं तो खाली आडवा पसरलेला असेल. वरून पाहिला तर निळ्या भिंतीसारखा उभा दिसला. मी एसटीच्या सीटचा दांडा धरला. मंगेश म्हणाला, "काका, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं." तो हसला नाही. हे मी मनात ठेवलं.

मंगेशच्या आईंना मी ताई म्हणू लागलो. ठेंगण्या, काटक, आवाज मात्र बाजारभर पोचेल असा. नवरा वर्षातले बरेच महिने बोटीवर, म्हणून घर त्याच चालवतात आणि ओहोटीला खडकावर कालवं काढतात. कालवं म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले. ते फोडून आतलं मऊ काढायचं. रात्री जेवायला तांदळाची भाकरी, कालवांचं सुकं आणि वाटीत गुलाबी ताक. मी ते ताक समजून मीठ मागितलं. ताई म्हणाल्या, "पाव्हणे, ती सोलकढी हाय. मीठ हाय तिच्यात. आमच्याकडं म्हशीपेक्षा नारळ जास्त." प्रणिता हसू दाबत होती. ती माशाचे काटे जिभेनं बाजूला काढत होती, बोट न लावता. मला वाटेत म्हणाली होती, "बाबा, वायच थांबा." वायच! माझी पोरगी वायच कधीपासून म्हणायला लागली, कोण जाणे.

खडकावर

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ताई कालवांना निघाल्या. अमावस्या नुकतीच झालेली, तेव्हा पाणी खूप आत जातं म्हणे. आम्हीही निघालो. कालपासून मी त्या घरी नुसता पाहुणा होतो. मला मासा सोलता येईना, बोलणं निम्मं कळेना, आणि जे बोलायला आलो ते बोलवेना. माणसाला कुठं तरी आपलंही काही चालतं असं दाखवावंसं वाटतं.

पाणी गेलेल्या जागी काळे खडक, मधेमधे डबकी. डबकी कसली, लहान लहान बागाच. जांभळं शेवाळ, काट्यांचे गोळे, नखाएवढे निळे मासे. ताई लोखंडी कोयतीनं कपारीच्या तोंडावर टकटक करायच्या आणि मगच हात घालायच्या. मला वाटलं सवय असेल.

एका डबक्याच्या काठी मी वाकलो आणि कपारीत एक तपकिरी शेपूट सरकताना दिसलं. माझ्या अंगात जणू लहानपण शिरलं. पैनगंगेत आम्ही उन्हाळ्यात हेच करायचो. दगडाखालच्या बिळात हात घालायचा, वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, चाचपायची, डोक्यामागं अंगठा दाबून बाहेर ओढायची. आमच्या आळीत माझ्याइतक्या वामा कुणी काढल्या नाहीत. मी बाही वर केली, "वाम हाय वो!" असं ओरडलो आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

पकडलं मी नाही, तिनं. मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटावर जणू कुणी खिळ्यांची कात्री मिटली. मी बोंबललो आणि हात मागं ओढणार, तोच ताईंनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"वढू नका! पाव्हणे, वढू नका! आत ढकला!"

"आत?"

"आत! तिचं दात आतल्या अंगाला वाकडं आसतात. वढाल तर मास तिच्याकडं ऱ्हाईल."

मंगेश लोखंडी सळई घेऊन धावला. ताई त्याच्यावर कडाडल्या, "ठेव ती! ठेचलीस तर तिचा जबडा मिटून बसंल. मग काय काकांचं बोट कापून काडणार हायस?" त्यानं सळई फेकली आणि पाण्यात गुडघे टेकून माझं कोपर धरलं, हात हलू नये म्हणून. प्रणिता पाठीमागून मला मिठी मारून बसली. तिचं काळीज माझ्या पाठीवर आपटत होतं. मी देवाचं नाव घ्यायला गेलो आणि तोंडातून आलं, "माझी कात्री, माझी कात्री." शिंप्याला उजव्या हाताशिवाय आहे काय?

ताई खालच्या आवाजात बोलत होत्या, माझ्याशी की तिच्याशी, कळत नव्हतं. "सोड गो बाय. सोड. जेवान न्हाय ते, पाव्हणा हाय." आणि मग एकाएकी जबडा सैल झाला. ती मागं सरली, पुन्हा पुढं आली, वास घेतल्यासारखं केलं आणि आत निघून गेली.

हात बाहेर काढला तेव्हा पाणी लाल झालेलं. ताईंनी डोक्याचा फडका सोडून बोटं आवळली. मंगेशनं मला पाठीवर घेतलं. ओल्या खडकावरून, शेवाळावरून, माझ्यासारख्या अंगानं भरलेल्या माणसाला! वाटेत तीन घरांतून माणसं बाहेर आली. एकानं गाडी काढली, एकीनं पाणी दिलं, आणि एक म्हातारा नुसताच सोबत बसून आला. त्याला मी गाडीत विचारलं, "तुम्ही मंगेशचे कोण?" तो म्हणाला, "कोन न्हाय. पन दवाखान्यात मानूस जास्त असलं की डाक्टर नीट बघतो."

दवाखाना

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. जखम पुन्हा पुन्हा धुतली, सुई दिली आणि म्हणाल्या, टाके घालणार नाही. असे चावे शिवून बंद केले तर आत घाण राहते आणि पू होतो. मी आयुष्यभर फाटलेलं शिवत आलो, आणि इथं शिवायचं नाही म्हणजेच बरं! बोटं वाकवायला सांगितली. वाकली. मी रडलो. बाईंनी विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, वाकली म्हणून.

तेवढ्यात दादांचा फोन. बातमी आधीच पोचली होती. "म्हटलं होतं ना तुले? तिकडचं पानीच वंगाळ. घे पोरीले अन् नीघ." मी "हो" म्हटलं. दादांपुढं दुसरं मला येतच नाही.

पुढचे दिवस मी ताईंच्या ओसरीवर. उजवा हात बांधलेला. डाव्या हातानं भाकरी तुटते, पण काटे कसे निघणार? जेवताना मंगेश माझ्या शेजारी बसायचा. न विचारता माझ्या ताटातला मासा सोडवायचा, आणि तोंडानं मात्र भारनियमनाबद्दल बोलत राहायचा, म्हणजे मला लाज वाटू नये. शर्टाची बटणंही तोच लावायचा. एकदा त्यानं वरचं बटण खालच्या काजात घातलं. मी शिंपी, मला कसंसंच झालं. तरी दिवसभर तसाच बसलो.

ताई रागवायच्या मात्र. "कुनाच्या घरात शिरताना आपन कडी वाजवतो का न्हाय? टकटक केलंत तर ती तोंड दाकवते, आपन दुसरीकडं जातो. इतकी वरसं आमी एकाच खडकावर काम करतो, ती आनि मी. मला एकदा पन चावली न्हाय."

"म्हणजे तुम्ही तिला ओळखता?"

"शेजारीन वळकत न्हाय का मानूस?"

पुन्हा त्याच डबक्याशी

सूज उतरल्यावर मीच म्हटलं, मला ती बघायची आहे. ताई म्हणाल्या, "सासूरवाडीला निघालाय जनू." प्रणिता माझ्यासोबत आली. पाणी नुकतंच उतरत होतं. आम्ही डबक्यापासून लांब, उंच खडकावर बसलो आणि वाट पाहिली.

आधी नुसतं डोकं बाहेर आलं. हिरवट पिवळं, जाडजूड, मानच नाही. मागचं अंग तपकिरी आणि त्यावर फिकट पिवळ्या वेड्यावाकड्या रेघा, कारागिराचा हात हलल्यावर कापडावर छपाई उमटते तशा. खवले नाहीत. बाजूचे पंख नाहीत. आमच्या नदीतल्या वामेसारखी टोकदार सोंडही नाही. नाकाशी मात्र दोन बारीक नळ्या. डोळे लहान, आणि नजर अशी की बघते आहे की नाही, समजू नये. तोंड सारखं उघडत होतं, मिटत होतं. दर वेळी आतले दात दिसायचे आणि माझी बोटं फडक्यात आखडायची.

"चिडलीय काय गं अजून?"

"नाही बाबा. ती श्वास घेतेय. पाणी तोंडातून आत घेतल्याशिवाय तिला जगताच येत नाही. लोक बघतात आणि म्हणतात, धमकावतेय." मग ती हळूच म्हणाली, "तिच्या घशात आणखी एक जबडा असतो. पुढचा धरतो आणि मागचा पुढं येऊन आत ओढतो. मी वाचलं तुम्हाला चावल्यावर. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही घाबरला असता."

आता सांगितलंस ते बरं केलंस, म्हणालो मी.

वामेला फारसं दिसत नाही, वासावरच ती चालते, असंही प्रणितानं सांगितलं. त्या दिवशी ताईंनी कालवं सोडवलेल्या खडकाजवळ सगळं पाणी वासाचं, त्यात माझा हात गेला. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. हे मला पटत होतं, तेवढ्यात एक बारीक तांबडी कोळंबी तिच्या ओठावर चढली आणि चक्क उघड्या तोंडात गेली. दातांच्या मधून काही तरी टिपत हिंडली आणि बाहेर आली. वामेनं तोंड मिटलं नाही. जिथं माझ्यासारख्या बाप्याची बोटं फाटली तिथं ही चिमूटभर कोळंबी न्हाव्यासारखी काम करून निघून गेली.

पाणी आणखी उतरलं आणि वाम पूर्ण बाहेर आली. माझ्या हाताहून लांब असेल. पोहणं म्हणावं तर तसं नाही, फीत ओढावी तशी गेली. पुढच्या काठावर एक खेकडा ओल्या दगडावर ऊन खात होता. ती पाण्यातून अर्धी वर आली, कोरड्या दगडावर! खेकडा धरला आणि पाण्यात खेचला. तो दगडाला अडकला. मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. शेपटीकडून स्वतःच्याच अंगाला गाठ मारली आणि ती गाठ पुढं सरकवत डोक्यापर्यंत आणली. त्या गाठीचा जोर लावून खेकड्याचा पाय उपटला. मी जन्मभर दोऱ्याला गाठी मारतोय. गाठ मारून पुन्हा अशी सुटून जाणारी वस्तू मी पाहिली नव्हती.

मग प्रणिताच म्हणाली (दादांना ती मोठे बाबा म्हणते),

"मोठ्या बाबांनी मलाही फोन केला होता. तुम्ही मला न्यायला आलात, मला माहीत आहे."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." ती पाण्याकडं बघत होती. "तुम्ही चला म्हणालात तर मी येईन, बाबा. पळून लग्न करणार नाही. पण मोठ्या बाबांचं म्हणणं सांगू नका मला. तुमचं काय आहे ते सांगा."

माझं काय होतं? एवढंच की परक्या मुलखात काही झालं तर धावणार कोण. ते झालं होतं, पोरीला नाही, मला झालं होतं. कोण धावलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यातला एक म्हातारा तर मंगेशचाही कोणी नव्हता. तिला नुसतं म्हटलं, "पाणी चढायच्या आत घरी जाऊ."

निघताना

घरी आल्यावर परसात उभा राहून दादांना फोन लावला. त्याआधी घोटभर पाणी प्यालो.

"दादा, मी एकटाच येतो."

दादा खाकरले. मग, "तू घरचा लहाना हायेस, हे ध्यानात ठेव."

"ध्यानात हाय. तुमी नसते त मी आज कोनी नसतो, हेबी ध्यानात हाय. पन पोरीचा बाप मी हाय, दादा. मी पाह्यलं. लोक चांगले हायेत."

"मासा चावला म्हन्तात तुले, अन् लोक चांगले!"

"मासा चावला म्हनूनच समजलं."

दादांनी फोन ठेवला. रागानं की कसा, ते मला कळलं नाही, आणि अजूनही दादा या विषयावर पुरतं बोलत नाहीत. पण हळदीचा दिवस कोणता धरायचा, ते परवा त्यांनीच विचारलं.

मी ओसरीवर आलो. पिशवीतून टेप काढला आणि प्रणिताच्या हातात दिला. मंगेश कामावर जायला निघाला होता.

"इकडं उभे राहा, जावईबापू. हात सैल सोडा. प्रणिता, खांदा घे आधी. मग छाती."

मंगेश जागच्या जागी खांब झाला. ताई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "हे काय चालवलंय? आमच्यात नवरदेवाचं कापड मुलीकडून घेत न्हाईत."

"नका घेऊ, ताई. कापड तुमचं. पण माझ्या जावयाचा कोट दुसऱ्यानं शिवला तर वाशीमात माझ्या दुकानाची पायरी कोण चढेल?"

ताईंनी पिठाचा हात तसाच पदराला लावला आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा मोठा आवाज आला.

प्रणिता मापं सांगत होती. खांदा बरोबर सांगितला. छातीचं सांगितलं ते साफ चुकीचं होतं. त्या मापाचा कोट मंगेशला काय, दहावीतल्या पोरालाही झाला नसता. तिला टेपावरचे आकडे दिसत नव्हते. मी नजरेनंच माप दुरुस्त करून घेतलं आणि म्हणालो, "हं, आता बाही."